कामगाराच्या हाताची किंमत कशी ठरते?

बंगळूरमधील यशवंतपूर रेल्वे स्थानकाच्या वायव्येस पीनियाची विस्तीर्ण औद्योगिक वसाहत आहे. पॉवर प्रेस आणि लेथवर चालणाऱ्या तेथील लहान कारखान्यांत यंत्राखाली हात सापडण्याचा धोका कामगारांच्या नित्य परिचयाचा आहे. असा अपघात घडल्यावर उपचारांइतकाच निकडीचा ठरतो तो भरपाईचा प्रश्न. जखमी कामगारांची बाजू मांडणाऱ्या वकिलांचे सारे कसब याच प्रश्नाच्या उकलीत पणाला लागते.

मालकाचा दोष दाखवणे आवश्यक नाही

कामगार नुकसानभरपाई कायदा 1923 साली संमत झाला आणि 1 जुलै 1924 पासून अमलात आला. मालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करण्याचे ओझे या कायद्याने कामगाराच्या खांद्यावरून उतरवले. इजा कामामुळे आणि काम करीत असताना झाली, एवढे दाखवणे पुरेसे ठरले. 21 नोव्हेंबर 2025 पासून या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली असली, तरी हे मूळ तत्त्व कायम आहे.

पुराव्याची जुळवाजुळव

कामगार राज्य विमा योजनेत समाविष्ट आहे काय, हे वकिलाला प्रथम तपासावे लागते. तसे असल्यास लाभ विमा महामंडळाकडून मिळतो. त्याच इजेसाठी मालकाकडून या कायद्याखाली वेगळी भरपाई मागता येत नाही.

विम्याबाहेरील कामगारांची अडचण निराळी असते. अनेकांजवळ नेमणुकीचे पत्र नसते आणि ‘हा आमचा माणूसच नाही’ असा पवित्रा मालक घेतो. अशा वेळी हजेरीची नोंद, बँकेत जमा झालेले वेतन, रुग्णालयातील पहिली नोंद आणि सहकाऱ्यांची साक्ष यांचा आधार घ्यावा लागतो. कामगार ठेकेदाराचा असला, तरी मूळ मालकाकडे भरपाई मागण्याची तरतूद आहे. दाव्याची मुदत सामान्यतः दोन वर्षांची आहे.

टक्केवारीचा वाद

खरा संघर्ष होतो तो रकमेवरून. कायद्याच्या परिशिष्टानुसार एका हाताची दोन बोटे गेल्यास कमाईची क्षमता 20 टक्के, तर चार बोटे गेल्यास 50 टक्के घटल्याचे मानले जाते. 2020 साली ठरवलेली 15,000 रुपये मासिक वेतनाची मर्यादा धरली, तर 30 वर्षे वयाच्या कामगाराला कायमच्या पूर्ण अपंगत्वासाठी 18,71,820 रुपये मिळू शकतात. दोन बोटांसाठी ही रक्कम 3,74,364 रुपये होते.

शरीराची हानी आणि कमाईची हानी यांत मात्र फरक आहे. ओडिशातील जेपूर येथे एका चित्रपटगृहाच्या सजावटीचे काम करताना 1968 साली एक सुतार खाली पडला आणि त्याचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला. हे अपंगत्व केवळ अंशतः आहे, असा मालकाचा युक्तिवाद होता. एका हाताने सुतारकाम करता येत नाही, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 1975 मध्ये ते पूर्ण अपंगत्व ठरवले. भरपाईचे दायित्व अपघाताच्या दिवशीच निर्माण होते, हेही याच निकालाने स्पष्ट केले. जखमी माणूस कोणते काम करीत होता आणि ते आता त्याला करता येईल काय, हा प्रश्न वकिलांना तेव्हापासून या निकालाच्या आधारे ठामपणे मांडता येतो.

बावीस वर्षांची प्रतीक्षा

भरपाई एका महिन्यात न दिल्यास 12 टक्के व्याज, तसेच सबळ कारण नसल्यास रकमेच्या 50 टक्क्यांपर्यंत दंड आकारता येतो. तरीही विलंब टळत नाही. धाराशिव जिल्ह्यातील साखर कारखान्याचा एक पहारेकरी 22 एप्रिल 2003 रोजी पहाटेच्या पाळीसाठी निघाला असता वाटेत अपघातात मृत्युमुखी पडला. आयुक्तांनी 2009 साली कुटुंबाला 3,26,140 रुपये मंजूर केले. मुंबई उच्च न्यायालयाने 2011 साली तो आदेश रद्द केला. सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये तो पुन्हा कायम केला. कामाशी वेळ, स्थळ आणि परिस्थितीचा संबंध सिद्ध होत असेल, तर कामावर जाता-येताना झालेला अपघातही कायद्याच्या कक्षेत येतो, असा या निकालाचा आशय आहे. नव्या संहितेतही तशी तरतूद आहे.

कामगाराने कमी रकमेवर परस्पर दिलेला अंगठा त्याचा कायदेशीर हक्क संपवत नाही. तडजोडीच्या कराराची सक्षम प्राधिकाऱ्याकडे नोंद व्हावी लागते. परंतु हक्क शाबूत असला, तरी पुरावा कालांतराने विरतो. म्हणूनच अपघात कोठे व कसा झाला याची रुग्णालयात पहिल्याच दिवशी झालेली अचूक नोंद पुढील साऱ्या लढ्याचा पाया ठरते.