बाहेरचा उमेदवार, बाहेरचा मतदार

निवडणुका जवळ आल्या की आमच्या पिंपरी-चिंचवडमध्ये एक शब्द फार ऐकू येतो. 'बाहेरचा'. अमका उमेदवार बाहेरचा आहे, तमका वरून लादलेला आहे. गंमत अशी, की हा शब्द तावातावानं वापरणाऱ्यांपैकी अनेकांचे वडील किंवा आजोबा एक वळकटी आणि पत्र्याची पेटी घेऊन इथं उतरलेले असतात. 1950 च्या दशकात पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. 1960 नंतर एमआयडीसी आली, टेल्को आली, बजाज आली आणि त्यांच्या मागोमाग सुटे भाग करणारी लहानमोठी वर्कशॉप आली. सातारा, सोलापूर, बीड, लातूर, खानदेश, पुढे केरळ, बिहार, सगळीकडून माणसं आली. मला तर माझं नाव ऐकल्यावर 'तुम्ही मूळचे कुठले?' हा प्रश्न हमखास विचारला जातो. मराठीत कविता लिहिण्यात उभी हयात गेली, तरी विचारला जातो. त्यामुळे या शब्दाकडे माझं लक्ष जरा जास्तच असतं.

निवडणुकीत 'बाहेरचा' या शब्दाचे दोन अर्थ होतात. जो त्या मतदारसंघात राहत नाही, तो एक. आणि जो मोठ्या पक्षांच्या बाहेरून येतो, म्हणजे अपक्ष किंवा बंडखोर, तो दुसरा. मावळ लोकसभा मतदारसंघानं हे दोन्ही पाहिले आहेत. 2014 साली शिवसेनेचे श्रीरंग बारणे थेरगावचे, म्हणजे इथलेच. राष्ट्रवादीनं मुंबईहून राहुल नार्वेकर यांना आणलं. तिसरे लक्ष्मण जगताप, पिंपळे गुरवचे. ते शेतकरी कामगार पक्षाच्या पाठिंब्यावर उभे राहिले. बारणे निवडून आले, पण दुसऱ्या क्रमांकावर राष्ट्रवादी नव्हती, जगताप होते. नार्वेकरांना जगतापांपेक्षा सुमारे पावणेदोन लाख मतं कमी पडली. 2019 साली याच मतदारसंघात बारामतीचे पार्थ पवार आले आणि बारण्यांकडून दोन लाखांहून अधिक मतांनी हरले. 2024 साली बारण्यांसमोर संजोग वाघेरे, म्हणजे पिंपरीचेच गृहस्थ होते. बारणे पुन्हा जिंकले, पण फरक 96 हजारांवर आला.

यावरून 'बाहेरचा पडतो' असा नियम काढण्याचा मोह होतो. मी काढणार नाही. एक तर मधल्या काळात पक्ष फुटले, आघाड्या बदलल्या. शिवाय हा मतदारसंघच असा आहे, की मावळ, पिंपरी, चिंचवड हे तीन विधानसभा मतदारसंघ घाटावर आणि पनवेल, कर्जत, उरण हे तीन घाटाखाली. उरणच्या मच्छीमाराला थेरगाव तरी कुठं आपलं वाटणार? आणि बाहेरून आलेल्यांना महाराष्ट्रानं डोक्यावरही घेतलं आहे. कराडचे यशवंतराव चव्हाण 1963 च्या पोटनिवडणुकीत नाशिकहून बिनविरोध लोकसभेत गेले. उलट, मुंबईनं दोनदा निवडून दिलेले कृष्ण मेनन 1967 साली अपक्ष म्हणून उभे राहिले, तेव्हा त्याच मुंबईत हरले.

दुसऱ्या अर्थाच्या 'बाहेरच्या'चं गणित आणखी फसवं असतं. अमेरिकेत 1992 साली अध्यक्षपदाची निवडणूक झाली. आखाती युद्ध जिंकलेले थोरले बुश लोकप्रियतेच्या शिखरावरून मंदीमुळे खाली घसरले होते. क्लिंटन यांचा सगळा प्रचार अर्थकारणावर होता. त्यात टेक्सासचे धनाढ्य उद्योजक रॉस पेरो अपक्ष म्हणून उतरले. मेक्सिकोशी व्यापार खुला केला तर आपले कारखाने आणि नोकऱ्या तिकडे निघून जातील, ही भीती त्यांनी बोलून दाखवली. त्यांना सुमारे 19 टक्के मतं मिळाली, पण राज्य एकही मिळालं नाही. पेरोंनी बुशना पाडलं, असं अजूनही सांगितलं जातं. मात्र मतदान करून बाहेर पडलेल्यांना विचारलं, तेव्हा पेरोंचे मतदार दोन्ही बाजूंना जवळपास सारखेच विभागले गेले असते असं दिसलं. चिंचवडला फेब्रुवारी 2023 च्या पोटनिवडणुकीत असंच झालं. भाजपच्या अश्विनी जगताप राष्ट्रवादीच्या नाना काटे यांच्यापेक्षा सुमारे 36 हजारांनी पुढे राहिल्या आणि अपक्ष राहुल कलाटे यांनी 44 हजार मतं घेतली. कलाटेंमुळे काटे पडले, हे त्या रात्री चहाच्या टपरीवर ठरूनही गेलं. पण त्या 44 हजारांतली बहुतेक सगळी मतं काटेंकडेच वळली असती, तरच हे खरं. आणि हेच कलाटे 2019 च्या विधानसभेला अपक्ष उभे राहिले, तेव्हा त्यांच्या मागे मोठे पक्ष होते आणि मतं लाखाच्या वर होती. अपक्षाचं बळ पुष्कळदा उसनं असतं.

आता पोटाच्या चिंतेकडे येतो. चाकणमध्ये ती दोन ठिकाणी भेटते. एक कांद्याच्या बाजारात, दुसरी एमआयडीसीत. दोन्हींत अंतर फारसं नाही, पण निवडणुकीत त्यांचं नशीब अगदी वेगळं.

डिसेंबर 2023 मध्ये केंद्र सरकारनं कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली. भाव कोसळले. चाकण ज्या शिरूर मतदारसंघात येतं, तिथले खासदार अमोल कोल्हे यांनी त्याच महिन्यात शिवनेरीहून पुण्यापर्यंत शेतकऱ्यांचा मोर्चा काढला. पुढे निवडणूक लागली. कोल्हे नारायणगावचे, समोरचे शिवाजीराव आढळराव पाटील आंबेगाव तालुक्यातले. बाहेरचं कुणीच नाही, त्यामुळे तो वाद उरला नाही आणि कांदा बोलू लागला. बंदी उठली 4 मे 2024 रोजी, मतदानाच्या नऊ दिवस आधी. कोल्हे सुमारे 1 लाख 40 हजार मतांनी जिंकले. कांद्यानंच निकाल लावला असं मी म्हणणार नाही, पण कांद्याला प्रत्येक सभेत उत्तर द्यावं लागलं, एवढं नक्की.

कारखान्यातल्या चिंतेला असं उत्तर कोण देतो? 2007 साली बजाजच्या आकुर्डीच्या कारखान्यातलं उत्पादन थांबलं. 2008 च्या अखेरीस मंदीत टाटा मोटर्सला पिंपरीचा कारखाना काही दिवस बंद ठेवावा लागला. 'ब्लॉक क्लोजर' हा शब्द तेव्हा घराघरांत बायकांनाही पाठ झाला होता. डिसेंबर 2020 मध्ये तळेगावला जनरल मोटर्सनं गाड्या बनवणं बंद केलं. या सगळ्यापेक्षा निवडणुकीच्या भाषणांत जास्त गाजला तो वेदान्त-फॉक्सकॉनचा प्रकल्प, जो तळेगावला यायचा होता आणि सप्टेंबर 2022 मध्ये गुजरातला गेला. पुढच्याच वर्षी फॉक्सकॉननं त्यातून अंगही काढून घेतलं. न आलेल्या नोकऱ्यांवर जितकं बोललं गेलं, तितकं गेलेल्या नोकऱ्यांवर बोललं गेलं नाही.

याचं एक कारण मतदार यादीत आहे. कांदा पिकवणाऱ्याचं नाव पिढ्यान्‌पिढ्या त्याच गावच्या यादीत असतं. एमआयडीसीतल्या कंत्राटी पोराचं तसं नाही. म्हाळुंगे, निघोजे, कुरुळी, खराबवाडी या भागात एकेका खोलीत चार-सहा पोरं राहतात. सहा-सात महिने काम झालं की 'ब्रेक' मिळतो. जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात 240 दिवस काम भरलं की ती सलग वर्षभराची नोकरी धरली जाई आणि कामगाराला काही संरक्षण मिळे. ते दिवस भरू नयेत, यासाठी ही युक्ती रुजली. ब्रेक मिळाला की खोली सुटते, दुसरीकडे काम मिळालं की पत्ता बदलतो. भाडेकरार लिहून द्यायला घरमालक राजी नसतो. नाव मग गावच्या यादीतच राहतं.

आता कायदा पाहा. लोकसभेला उभं राहायचं तर, थोडे अपवाद सोडता, देशातल्या कुठल्याही मतदारसंघाच्या यादीत तुमचं नाव असलं की पुरे. बारामतीचा माणूस मावळला उभा राहतो, तो अगदी कायद्यानं. अपक्षाला तेवढे त्या मतदारसंघातले दहा सूचक लागतात. मत देणाऱ्याला मात्र ही मोकळीक नाही. 1950 चा लोकप्रतिनिधित्व कायदा सांगतो, की जो जिथं सामान्यतः राहतो, तिथंच त्याचं नाव हवं. नुसतं घर नावावर असलं म्हणून कुणी तिथला रहिवासी ठरत नाही. म्हणजे चाकणला पाच वर्षं राबणाऱ्या बीडच्या फिटरचं नाव, कायद्याच्या भाषेत, चाकणलाच असायला हवं. ते नसतं, म्हणून त्याची चिंता इथल्या कुठल्याच उमेदवाराच्या हिशेबात धरली जात नाही. उमेदवार बाहेरचा चालतो का, यावर महिनाभर वाद घालणाऱ्या आमच्या शहरात या बाहेरच्या मतदारावर मी एकही सभा ऐकलेली नाही.

नाव बदलता येतं. दुसरीकडे नोंद असेल तर फॉर्म 8 भरायचा, पहिल्यांदाच नोंदवायचं असेल तर फॉर्म 6. भाडेकरार नसला तरी कर्मचारी घरी येऊन चौकशी करून नोंद करू शकतात. मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी रोजंदारीवाल्यालाही आहे. पण नाव इथं आणलं की गावातलं जातं. ते गेलं तर तिथलं रेशन, घरकुल, भाऊबंदकीतला जमिनीचा हक्क, सगळंच जाईल, अशी धास्ती पोरांच्या मनात असते. यांपैकी एकही गोष्ट मतदार यादीवर अवलंबून नाही, हे त्यांना सांगणारं कुणी नसतं.

13 मे 2024 रोजी शिरूर आणि मावळबरोबरच बीडलाही मतदान होतं. चाकणमधल्या बीडच्या पोरांपैकी ज्यांना तिकीट परवडलं, ती आदल्या रात्रीच्या एसटीनं गावी गेली. उरलेली त्या दिवशी चाकणमध्येच होती.