वाळवंटातलं तीन पाळ्यांचं गाव

लास व्हेगास : भिलाईत नौतपा तापायला लागला की इथे माझ्या फोनवर चौकशा सुरू होतात. यंदा पुतणीने केली. तिच्या नवऱ्याचं जूनअखेरीला लॉस एंजलिसमध्ये कंपनीचं काम आहे, ती सोबत येते आहे, आणि ते आटोपलं की दोघांना व्हेगास पाहायचं आहे. लग्नानंतरचा पहिलाच मोठा प्रवास. तिचं म्हणणं सरळ होतं : "काका, हॉटेलं तर रायपूरच्या भावात दिसतायत. आणि उन्हाचं आम्हाला काय सांगता? आम्ही भिलाईचे."

दोन्ही गोष्टी अर्ध्याच खऱ्या आहेत. तिला जे लिहून पाठवलं ते इतर भिलाईकरांच्याही उपयोगी पडेल, म्हणून हे वार्तापत्र.

आधी गावाची ओळख करून घ्यावी. सिनेमात दिसतं ते व्हेगास म्हणजे दिवे आणि नाचगाणी. भिलाईत वाढलेल्या माणसाने मात्र त्याच्याकडे प्लांट म्हणून पाहिलं तर ते लवकर कळतं. इथे तीन पाळ्या चालतात आणि भट्टी कधी विझत नाही. कच्चा माल मात्र रोज विमानाने, मोटारीने स्वतःच्या पायांनी आत येतो. 2024 मध्ये असे सुमारे 4 कोटी 17 लाख पाहुणे आले. दीड लाखाच्या आसपास हॉटेलच्या खोल्या आहेत त्या याच मालासाठी.

गावाचा जन्म रेल्वेचा. 15 मे 1905 रोजी रेल्वे कंपनीने मोहावी वाळवंटातल्या या पाणथळ जागी भूखंडांचा लिलाव केला. नशीब फिरलं 1931 साली. मार्चमध्ये नेवाडा राज्याने जुगार कायदेशीर केला आणि त्याच वर्षी जवळच कोलोरॅडो नदीवर हूव्हर धरणाचं काम सुरू झालं. धरणाच्या कामगारांसाठी सरकारने बोल्डर सिटी नावाची आखीव वसाहत बांधली. सरळ रस्ते, ठरावीक घरं, सरकारी शिस्त. सेक्टरमध्ये क्वार्टर मिळालेल्यांना ती लगेच ओळखीची वाटेल. तिथे दारू आणि जुगाराला मनाई होती, म्हणून पगार झाला की कामगार व्हेगास गाठत. बोल्डर सिटीत जुगारबंदी आजही आहे. भिलाईच्या पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी करार झाला 1955 मध्ये आणि पहिली झोतभट्टी पेटली 1959 मध्ये. हूव्हर धरणाचं लोकार्पण त्याच्या कितीतरी आधी, 1935 मध्ये, राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी केलं. 221 मीटर उंचीची ही भिंत पाहिल्याशिवाय व्हेगास पाहिलं असं म्हणू नये.

आता ऊन. भिलाईत पारा 45 च्या घरात जातो, लू चालते, हे मान्य. पण जूनच्या मध्यावर आभाळ भरून येतं आणि सुटका होते. इथे जुलै हाच सर्वांत कडक महिना. दुपारचं सरासरी तापमान 40 अंशांच्या वर राहतं, आणि 7 जुलै 2024 रोजी ते 48.9 वर गेलं, तो इथला आजवरचा उच्चांक. हवामानाच्या बातमीत हा आकडा 120 असा दिसेल, कारण हा देश फॅरनहाइट सोडत नाही. रात्रीही 30 च्या खाली उतरेलच असं नाही. वर्षाकाठी पाऊस जेमतेम 10-11 सेंटीमीटर. हवा इतकी कोरडी की घाम आला हे कळण्याआधीच तो वाळतो, आणि माणूस तहान लागण्याची वाट पाहत बसतो. तशी वाट पाहू नका, घोट घोट पाणी चालू ठेवा.

दुसरा फसवा प्रकार अंतराचा. ज्या रस्त्यावर मोठी कॅसिनो-हॉटेलं आहेत त्याला स्ट्रिप म्हणतात. तो जवळजवळ सात किलोमीटर लांब आहे. इमारती एवढ्या अजस्र की समोरचं हॉटेल हाकेच्या अंतरावर वाटतं आणि चालायला वीस मिनिटं लागतात. त्यात मोठे चौक पुलांवरूनच ओलांडावे लागतात, आणि त्या पुलांवर थांबायलाही आता कायद्याने मनाई आहे. फुटपाथ इतके तापतात की भाजलेल्यांवर उपचार करणारं इथलं केंद्र दर उन्हाळ्यात अनवाणी न चालण्याचा इशारा देतं. तेव्हा सकाळी नवाच्या आत फिरून घ्या, दुपार आत काढा, पुन्हा सूर्य बुडाल्यावर निघा. आत एसी एवढा गार असतो की शाल लागते. स्ट्रिपवर चोवीस तास बस धावते, तिचा दिवसभराचा पास काढला की टॅक्सीचे पैसे वाचतात.

आता "रायपूरचा भाव". रविवार ते गुरुवार खोल्या खरोखर स्वस्त असतात. शुक्रवार-शनिवार, 4 जुलैची सुट्टी आणि मोठी अधिवेशनं असली की तीच खोली दुप्पट-तिप्पट होते. शिवाय बहुतेक हॉटेलं "रिसॉर्ट फी" म्हणून रात्रीला 35 ते 55 डॉलर वेगळे लावतात, तुम्ही त्यांच्या तलावात पाय बुडवा की न बुडवा. त्यावर 13 टक्क्यांच्या आसपास खोलीचा कर. मे 2025 पासून अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या नियमाने हॉटेलांना फीसह पूर्ण भाव आधीच दाखवावा लागतो, तरी कर शेवटी वाढतो हे लक्षात ठेवा. दुकानातही तसंच. या देशात वस्तूवर लिहिलेली किंमत अंतिम नसते, विक्रीकर बिलात चढतो. गाडी घेऊन आलात तर अनेक हॉटेलं पार्किंगचेही पैसे घेतात.

त्यानंतर टिप. आपल्याकडे ती खुशी असते, इथे ती पगाराचा भाग आहे. जेवणाच्या बिलावर 18 ते 20 टक्के, खोली आवरणाऱ्या बाईसाठी रोज उशीजवळ दोन-चार डॉलर. हे टाळणं म्हणजे मजुरी बुडवणं, असंच इथे मानतात.

या कामगारांविषयी भिलाईच्या वाचकाला थोडं जास्त सांगायला हवं. इथल्या स्वयंपाकी, वेटर आणि सफाई कामगारांची क्युलिनरी युनियन सुमारे साठ हजार सभासदांची आहे. अमेरिकेत युनियन मोडीत निघाल्या असं आपण ऐकतो. व्हेगासमध्ये मात्र खोली झाडणाऱ्या बाईला आरोग्य विमा आणि निवृत्तिवेतन आहे ते याच युनियनमुळे. 21 सप्टेंबर 1991 रोजी फ्रंटियर कॅसिनोच्या साडेपाचशे कामगारांनी संप पुकारला. तो 6 वर्षं, 4 महिने आणि 10 दिवस चालला. दारावरचा पहारा एक दिवसही सुटला नाही, आणि संपकऱ्यांपैकी एकही जण फुटून कामावर गेला नाही. अखेर मालक बदलला आणि फेब्रुवारी 1998 मध्ये ते सगळे मानाने आत गेले. तो संप सुरू होऊन आठवडा झाला होता तेव्हा, 28 सप्टेंबर 1991 च्या पहाटे, भिलाईत खाणकामगारांचे नेते शंकर गुहा नियोगी यांची हत्या झाली. दल्ली-राजहराच्या खाणकामगारांनी काय मागितलं होतं ते ज्यांना आठवतं, त्यांना या गावातली झगमग कोणाच्या हातांवर उभी आहे ते वेगळं सांगावं लागणार नाही.

आता मुख्य यंत्राकडे वळू. नेवाडात जुगार चोरून चालत नाही. परवाने आणि यंत्रांची तपासणी सांभाळणारं राज्याचं गेमिंग कंट्रोल बोर्ड 1955 पासून आहे. मोठ्या कॅसिनोंना एकूण जुगारी उत्पन्नावर 6.75 टक्के राज्य कर द्यावा लागतो, आणि या राज्यात लोकांना राज्याचा प्राप्तिकर नाही त्यामागे हेही एक कारण आहे. वय 21 पूर्ण हवं. पुतणी आणि जावई दोघंही लहान दिसतात, म्हणून पासपोर्ट जवळ ठेवा असं बजावलं आहे.

कायदेशीर म्हणजे तुमच्या फायद्याचं, असा अर्थ मात्र काढू नका. हिशेब उघड आहे. दोन शून्यांच्या रूलेट चक्रात 38 घरं असतात आणि बक्षीस 36 घरं असल्यासारखं मिळतं. उरलेली दोन घरं मालकाची. म्हणजे लावलेल्या रकमेतले सरासरी 5.26 टक्के कॅसिनोकडे राहतात. तासाला चाळीस वेळा दहा-दहा डॉलर लावले तर सरासरी 21 डॉलर गेले. एकाच शून्याच्या चक्रावर हे प्रमाण 2.7 टक्के आहे, तर स्ट्रिपवर हल्ली तीन शून्यांची चक्रंही आली आहेत आणि त्यांत ते 7.69 टक्के. स्लॉट मशीनने किमान 75 टक्के परत द्यावेत एवढीच राज्याची अट आहे. शंभरातले दहा ठेवून घेणाऱ्या मशीनवर एक डॉलरची कळ तासाभरात पाचशे वेळा दाबली तर पन्नास डॉलर संपतात, आणि पाचशे वेळा दाबायला काहीच कष्ट पडत नाहीत. फुकट मिळणारं पेय याच पैशातलं असतं. मोठी रक्कम लागलीच, तर स्लॉटच्या बक्षिसातून परदेशी माणसाचा 30 टक्के कर आधीच कापून घेतात.

हे मुद्दाम विस्ताराने लिहिलं. अलीकडे भिलाईचं नाव देशभर पोहोचलं ते रेल्वेच्या रुळांपेक्षा महादेव ॲपमुळे. सट्ट्याच्या या जाळ्याचे मुख्य सूत्रधार भिलाईचे आणि कारभार दुबईतून, असं ईडीचं म्हणणं आहे. नोव्हेंबर 2023 मध्ये केंद्र सरकारने त्यासह 22 बेकायदा ॲप आणि संकेतस्थळं बंद केली. तिथे मालक कोण, हिशेब कोणता, तक्रार कुठे, काहीच कळत नव्हतं. इथे तिन्ही कळतं, आणि तरीही खेळणारा सरासरीने हरतो. जुगारात नियम आणून चोरी थांबवता येते, पण गणित बदलता येत नाही. आणखी एक : लॉटरी, स्वीपस्टेक यांसाठी भारतातून पैसे पाठवायला परकीय चलनाच्या नियमांत बंदी आहे, तेव्हा बँकेचं कार्ड टेबलापासून दूर ठेवा. खेळायचंच असेल तर तिकीट काढल्यासारखी ठरावीक नोटांची रक्कम वेगळी काढा आणि संपली की उठा. नेवाडात गांजा दुकानात मिळतो, पण अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने तो गुन्हाच आहे. व्हिसावर आलेल्याने त्या दुकानाच्या वाटेला जाऊ नये.

पाण्याचाही विचार करावा. तांदुला धरणाचं पाणी प्लांटला किती आणि शेतीला किती, हा प्रश्न आपल्याकडे जुना आहे. इथलं सुमारे 90 टक्के पाणी कोलोरॅडोचं, हूव्हर धरणामागच्या लेक मीडमधून येतं. 2022 च्या उन्हाळ्यात हा जलाशय धरण भरल्यानंतरच्या सर्वांत खालच्या पातळीला गेला. खडकांवरचा पांढरा पट्टा अजून दिसतो. पण घरात-हॉटेलात वापरलेलं जवळजवळ सगळं सांडपाणी शुद्ध करून पुन्हा लेक मीडला जातं, आणि नुसतं शोभेचं गवत नळाच्या पाण्यावर वाढवायला 2021 च्या कायद्याने 2026 अखेरपर्यंतचीच मुदत दिली. जुगारी म्हणून हिणवलेल्या गावाने पाण्याच्या बाबतीत दाखवलेली ही शिस्त आपल्या शहरांनी जरूर पाहावी.

मग आखणी कशी? व्हिसासाठी छत्तीसगड मुंबईच्या वाणिज्य दूतावासाच्या क्षेत्रात येतं. मुलाखतीची तारीख मिळायला महिने लागतात, म्हणून तिकिटं नंतर काढा. लॉस एंजलिसहून विमानाला तासभर, मोटारीने 430 किलोमीटर. शुक्रवारी येऊ नका आणि रविवारी परतू नका, रस्ता तुंबतो. रविवारी संध्याकाळी पोहोचून तीन रात्री पुरतात. एक सकाळ हूव्हर धरणाला, एक पहाट रेड रॉक कॅन्यनच्या तांबड्या डोंगरांना. एक दुपार माउंट चार्ल्सटनला. तासाभरात पाइनच्या झाडांत पोहोचता आणि पारा दहाएक अंशांनी उतरतो. बेलाजिओची कारंजी फुकट आहेत, जुन्या गावातली फ्रीमॉन्ट स्ट्रीटही. ग्रँड कॅन्यनचा दक्षिण काठ साडेचार तासांवर आहे, तिथे एक रात्र वेगळी ठेवा. डेथ व्हॅली उन्हाळ्यात टाळा. जुलै-ऑगस्टमध्ये इथेही वळवासारखा पाऊस कोसळतो आणि कोरड्या नाल्यांना क्षणात लोंढा येतो; तेव्हा अरुंद घळीत उतरू नका. शाकाहारी जेवणाची अडचण नाही, भारतीय खानावळी बऱ्याच आहेत, आणि समरलिन भागात हिंदू-जैन मंदिरही आहे.

तारीख तुमच्या हातात असेल तर मार्च किंवा ऑक्टोबर निवडा. हातात नसेल तर जूनमध्येही या, पण दुपार हॉटेलात आणि पाकीट खिशात राहील अशी आखणी करूनच.