वीज गेली, नोंदीही गेल्या?

केजच्या बाजारपेठेत अचानक वीज जाऊन दुकानातील संगणक बंद पडला आणि पुन्हा सुरू केल्यावर शेवटच्या नोंदी दिसल्या नाहीत, तरी व्यापारी व कारागीर बांधवांनी घाबरू नये. चांगले डेटाबेस सॉफ्टवेअर आपल्यासारखीच आधी रोजकीर्द लिहिते, मग खतावणी. ही रोजकीर्द म्हणजे लॉग फाइल. ती डिस्कवर उतरली असेल, तर तिच्यावरून खतावणी पुरी होते. तात्पुरत्या मेमरीतच राहिली असेल, तर पुसली जाते.

म्हणून नवी नोंद करण्याआधी लॉगसह सर्व डेटाची प्रत पेनड्राइव्हवर घ्यावी. मग तारीख पाहावी. मदरबोर्डचा सेल संपला असल्यास ती मागे जाते व नव्या नोंदी जुन्या तारखेखाली सापडतात.

जीएसटी नोंदणी असलेल्यांना वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने हिशेब जपावे लागतात. यूपीएस बसवावा, रोज दुकान बंद करताना प्रत घ्यावी आणि, आम्ही तर म्हणू, उधारीची कच्ची वहीही चालू ठेवावी.