फुग्याच्या काडीवर बंदी, मग फुगा मोकळाच कसा? सातारा-सांगलीकरांनी समजून घ्यावा असा कायदा

उद्घाटन असो की शाळेचा क्रीडा महोत्सव, पाहुण्यांच्या हस्ते गॅसचे रंगीत फुगे आकाशात सोडले जातात. टाळ्या होतात, फोटो निघतात. ते फुगे पुढे कुठे पडतात, हे मात्र कुणी विचारत नाही. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात 1 जुलै 2024 पासून असा फुगा मुद्दाम सोडला, तर 150 डॉलर दंड होतो. आपल्याकडे काय?

कायद्यात नेमकं काय आहे?

केंद्र सरकारने 1 जुलै 2022 पासून एकदाच वापरायच्या काही प्लॅस्टिक वस्तूंवर देशभर बंदी घातली. त्या यादीत फुग्याला लावायची प्लॅस्टिकची काडी आहे. फुगा नाही! महाराष्ट्राची 23 मार्च 2018 ची प्लॅस्टिकबंदी थर्माकोलच्या सजावटीपर्यंत पोहोचली. पहिल्या वेळी 5 हजार, दुसऱ्या वेळी 10 हजार आणि तिसऱ्यांदा 25 हजार रुपये दंड व तीन महिन्यांपर्यंत कैद, अशी शिक्षा त्यात आहे. पण फुगे हवेत सोडण्याबद्दल त्यातही काही नाही.

आकाशात जाणाऱ्या इतर गोष्टींना मात्र लगाम लागला आहे. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने 11 जुलै 2017 रोजी देशभर बंदी घातली. मुंबईत आकाशकंदील उडवायला पोलीस वेळोवेळी मनाई करतात. हा आदेश ठरावीक मुदतीचा असतो आणि त्यामागे काळजी सुरक्षिततेची असते, पक्ष्यांची नव्हे.

अभयारण्यात तरी चालतं का?

नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या कलम 27 नुसार अभयारण्यात कचरा टाकणं गुन्हा आहे. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, तो 2010 मध्ये. तिथे फुगा टाकणारा सापडला तर कारवाई होऊ शकते. पण पाटण किंवा शिराळ्यातून सुटलेला फुगा वाऱ्याने जंगलात जाऊन पडला, तर पकडायचं कुणाला? कायदा हद्दीत थांबतो, फुगा थांबत नाही.

शिराळ्याचा विषय निघालाच आहे म्हणून सांगायचं, तर नागपंचमीला जिवंत नाग पकडण्यावर न्यायालयाने निर्बंध घातले, कारण नागाचं नाव वन्यजीव कायद्याच्या परिशिष्टात आहे. फुग्याचं नाव कुठेच नाही.

'रबराचा आहे, कुजेल' हे खरं का?

विक्रेते हेच सांगतात. रबर झाडाच्या चिकाचं असलं, तरी फुगा बनवताना त्यात गंधक आणि इतर रसायनं मिसळतात. टास्मानिया विद्यापीठाच्या संशोधकांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात असे फुगे गोडं पाणी, समुद्राचं पाणी आणि कंपोस्ट खतात ठेवले. 16 आठवड्यांनंतरही ते बऱ्याच अंशी तसेच होते. चमकणारे फॉइलचे फुगे तर प्लॅस्टिकच. शिवाय धातूच्या थरामुळे विजेच्या तारांवर अडकले की शॉर्टसर्किटचा धोका.

वर जाताना बाहेरचा दाब कमी होतो, फुगा फुगत जाऊन फुटतो किंवा गॅस झिरपून खाली येतो. 2019 च्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात 1733 समुद्रपक्षी तपासले गेले. फुग्यासारखा मऊ तुकडा गिळलेल्या पक्ष्याचा मृत्यू होण्याची शक्यता कडक प्लॅस्टिकच्या तुलनेत 32 पट निघाली. मऊ तुकडा आतड्यात अडकून बसतो.

इथे समुद्र नाही, पण कृष्णा आहे. साताऱ्यात पडलेला तुकडा ओढ्याने नदीत आला की कराड, सांगली करत पुढे कर्नाटकात जातो. आणि गोठ्यातली जनावरं आहेत. गाय ओठाने निवडून खात नाही. वैरणीबरोबर गेलेलं रबर, दोरा किंवा रिबन पोटाच्या पहिल्या कप्प्यात साठत राहतं. बऱ्याचदा ऑपरेशनशिवाय ते निघत नाही.

बाहेर कायदा कसा राबवतात?

फ्लोरिडात आधी दिवसाला 10 पेक्षा कमी फुगे सोडायला परवानगी होती, 'कुजणाऱ्या' फुग्यांनाही सूट होती. 2024 ला दोन्ही सवलती गेल्या. सहा वर्षांपर्यंतची मुलं तेवढी वगळली. व्हर्जिनियात फुग्यामागे 25 डॉलर दंड आहे आणि 16 वर्षांखालच्या मुलाने मोठ्याच्या सांगण्यावरून फुगा सोडला, तर दंड त्या मोठ्या माणसाला. हीच तरतूद आपल्या शाळांच्या मैदानांना लावली, तर पावती विद्यार्थ्यांच्या नव्हे, आयोजकांच्या नावे फाटेल.

सध्या इथे तक्रार करता येते ती दोनच गोष्टींची: प्लॅस्टिकची काडी दिसली तर नगरपालिकेकडे आणि नायलॉन मांजा दिसला तर पोलिसांकडे.