युरोपीय संघाची ‘युवा हमी’ : संकल्पना, अंमलबजावणी आणि मर्यादा

प्रस्तावना

२००८ साली अमेरिकेतून सुरू झालेल्या वित्तीय अरिष्टाचे आणि त्यापाठोपाठ आलेल्या युरो क्षेत्रातील कर्जसंकटाचे सर्वांत कडू फळ युरोपातील तरुण पिढीच्या वाट्याला आले. २०१३ च्या प्रारंभी युरोपीय संघातील २५ वर्षांखालील युवकांचा बेरोजगारी दर २४ टक्क्यांच्या आसपास पोहोचला होता. स्पेनमध्ये तो ५५ टक्क्यांवर गेला, तर ग्रीसमध्ये त्याहूनही अधिक, सुमारे ५८ टक्के झाला. संघातील पंचावन्न लाखांहून अधिक युवक काम शोधत होते. कल्याणकारी राज्याचा आदर्श म्हणून ज्या भूप्रदेशाकडे जगातील विकसनशील देश पाहत आले, तेथेच पदवीधर तरुण आईवडिलांच्या घरी रिकामे बसून होते किंवा कामासाठी देश सोडून जात होते. या पार्श्वभूमीवर २२ एप्रिल २०१३ रोजी युरोपीय संघाच्या मंत्रिपरिषदेने ‘युवा हमी’ या धोरणाची शिफारस स्वीकारली.

प्रस्तुत लेखात या धोरणाचे स्वरूप, त्याच्या अंमलबजावणीचा अनुभव आणि त्याच्या मर्यादा यांचा दुय्यम स्वरूपाच्या माहितीच्या आधारे परामर्श घेतला आहे. या हमीचे मर्म तिच्यातील चार महिन्यांच्या मुदतीत आहे आणि तिचे न्यूनही त्या मुदतीची मोजणी कोठून सुरू होते या प्रश्नाशी निगडित आहे, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे.

आकडेवारीचा अर्थ

स्पेनमधील ५५ टक्के बेरोजगारीचा उल्लेख वर्गात केला की विद्यार्थी सहसा असे समजतात की, तेथील शंभरातील पंचावन्न तरुणांना काम नव्हते. हा गैरसमज केवळ विद्यार्थ्यांचाच आहे असे नाही. वृत्तपत्रेही तो नित्यनेमाने करतात. बेरोजगारी दर हा श्रमशक्तीच्या, म्हणजे काम करणारे व काम शोधणारे यांच्या बेरजेच्या प्रमाणात काढला जातो. जो तरुण महाविद्यालयात शिकत आहे आणि काम शोधत नाही, तो या हिशेबात येतच नाही. एकूण युवा लोकसंख्येशी प्रमाण काढले तर स्पेनमध्ये साधारणतः दर पाच तरुणांमागे एक बेरोजगार होता. चित्र तरीही गंभीर होते, परंतु ते वेगळे होते.

याच्या उलट दुसरा दोष असा की, काम शोधणे सोडून दिलेला, निराश होऊन घरी बसलेला तरुणही बेरोजगारी दरात दिसत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी युरोपात ‘नीट’ हा निर्देशक रूढ झाला. रोजगारात नाही, शिक्षणात नाही आणि प्रशिक्षणातही नाही, अशा युवकांसाठी ही इंग्रजी आद्याक्षरी संज्ञा आहे. १९९९ मध्ये ब्रिटनमधील एका शासकीय अहवालाने ती चर्चेत आणली व २०१० मध्ये युरोपीय संघाने तिची सामाईक व्याख्या स्वीकारली. आपल्याकडे ‘नीट’ म्हटले की वैद्यकीय प्रवेश परीक्षा आठवते आणि मराठीत तर या शब्दाचा अर्थच ‘व्यवस्थित’ असा होतो. म्हणून या लेखात पुढे ‘रोजगार-शिक्षणबाह्य युवक’ असा शब्दप्रयोग केला आहे. २०१३ मध्ये १५ ते २४ वयोगटातील असे सुमारे ७५ लाख युवक संघात होते. डब्लिन येथील युरोफाउंड या संघाच्या संशोधन संस्थेने २०१२ मध्ये केलेल्या अंदाजानुसार, ३० वर्षांखालील रोजगार-शिक्षणबाह्य युवकांमुळे २०११ या एका वर्षात सदस्य देशांचे १५३ अब्ज युरोंचे, म्हणजे राष्ट्रीय उत्पन्नाच्या १.२ टक्के इतके नुकसान झाले होते.

हमीचे स्वरूप

युवा हमीची शब्दयोजना साधी आहे. २५ वर्षांखालील प्रत्येक युवकाला, तो बेरोजगार झाल्यापासून किंवा त्याने औपचारिक शिक्षण सोडल्यापासून चार महिन्यांच्या आत, नोकरी, पुढील शिक्षण, शिकाऊ उमेदवारी अथवा इंटर्नशिप यांपैकी एकाचा चांगल्या दर्जाचा प्रस्ताव मिळावा, अशी ही शिफारस आहे. चार महिन्यांची मर्यादा घालण्यामागे अर्थशास्त्रीय कारण आहे. तरुण वयातील दीर्घ बेरोजगारीचा व्रण पुढील अनेक वर्षांच्या वेतनावर व नोकरीच्या स्थैर्यावर राहतो. म्हणून बेकारी जुनी होण्यापूर्वीच हस्तक्षेप करावा, असा हा विचार आहे. तो मूळचा स्कँडिनेव्हियाचा. स्वीडनने १९८४ मध्ये, तर डेन्मार्क व फिनलंड यांनी १९९६ मध्ये अशा स्वरूपाच्या योजना स्वीकारल्या होत्या.

‘हमी’ हा शब्द महाराष्ट्रातील वाचकाला परका नाही. वि. स. पागे यांच्या प्रेरणेने साकारलेल्या रोजगार हमी योजनेला १९७७ च्या अधिनियमाने कायद्याचे अधिष्ठान मिळाले. ग्रामीण भागातील प्रौढ व्यक्तीने अकुशल काम मागितल्यास ते पंधरा दिवसांत देणे, न दिल्यास बेकारी भत्ता देणे, असे बंधन त्यात शासनावर होते. अकुशल श्रमाची ती योजना आणि युरोपातील ही योजना यांची सरसकट तुलना करणे योग्य होणार नाही. परंतु एक भेद लक्षात घेण्याजोगा आहे. युरोपीय संघाच्या करारानुसार रोजगार धोरण हे मूलतः सदस्य राष्ट्रांच्या अखत्यारीत येते. संघ समन्वय साधू शकतो, पैसा देऊ शकतो, अहवाल मागवू शकतो. पण मंत्रिपरिषदेची शिफारस कायद्याने बंधनकारक नसते. त्यामुळे चार महिने उलटूनही प्रस्ताव न मिळालेला लिस्बनचा किंवा नेपल्सचा तरुण या शिफारशीच्या आधारे न्यायालयात दाद मागू शकत नाही. नावात हमी असली तरी हक्क म्हणून ती अपुरीच आहे.

निधीचा प्रश्न

ज्या प्रदेशांत २०१२ मध्ये युवा बेरोजगारी २५ टक्क्यांहून अधिक होती, त्यांच्यासाठी ‘युवा रोजगार उपक्रम’ या नावाने ६ अब्ज युरोंची तरतूद करण्यात आली. त्यातील ३ अब्ज स्वतंत्र अंदाजपत्रकीय शीर्षाखाली व तितकेच युरोपीय सामाजिक निधीतून यावयाचे होते. पुढे ही रक्कम वाढविण्यात आली. तथापि, केवळ युरो क्षेत्रात अशी हमी राबवावयाची तर वर्षाला २१ अब्ज युरो लागतील, असा अंदाज आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१२ मध्येच मांडला होता. दोन आकड्यांतील तफावत सांगण्यास अधिक विवेचनाची गरज नाही.

रकमेइतकीच अडचण तिच्या वितरणाच्या पद्धतीत होती. संघाचा निधी मुख्यतः प्रतिपूर्तीच्या तत्त्वावर मिळतो. आधी खर्च करावयाचा, मग हिशेब सादर करून परतफेड मागावयाची. ज्या सरकारांच्या तिजोऱ्या काटकसरीच्या अटींनी रित्या झाल्या होत्या, त्यांनाच हा नियम सर्वाधिक जाचक ठरला. अखेरीस २०१५ मध्ये आगाऊ रकमेचे प्रमाण एक-दीड टक्क्यावरून ३० टक्क्यांपर्यंत वाढवून सुमारे एक अब्ज युरो लवकर मोकळे करण्यात आले. म्हणजे चार महिन्यांचा आग्रह धरणाऱ्या धोरणाचा पैसा पोहोचण्यास जवळजवळ दोन वर्षे लागली.

अंमलबजावणी : नोंदणीचा उंबरठा

२०१६ मध्ये युरोपीय आयोगाने तीन वर्षांचा आढावा घेताना, १.४ कोटी युवकांनी हमी योजनांत प्रवेश केला व सुमारे ९० लाखांनी प्रस्ताव स्वीकारले, असे नमूद केले. आकडे लहान नाहीत. परंतु २०१७ मध्ये युरोपीय लेखापरीक्षण न्यायालयाने आयर्लंड, स्पेन, फ्रान्स, क्रोएशिया, इटली, पोर्तुगाल व स्लोव्हाकिया या सात देशांची तपासणी करून जो अहवाल दिला, तो वेगळीच बाजू दाखवितो. सर्व रोजगार-शिक्षणबाह्य युवकांना चार महिन्यांत संधी मिळेल अशी व्यवस्था या सातांपैकी एकाही देशाला करता आली नव्हती.

याचे कारण मोजणीच्या पद्धतीत सापडते. शिफारशीच्या शब्दांनुसार चार महिने शिक्षण सुटल्यापासून किंवा बेरोजगार झाल्यापासून मोजावयाचे असतात. व्यवहारात मात्र बहुतेक देशांत ही गणना युवकाने सेवायोजन कार्यालयात नाव नोंदविल्या दिवसापासून सुरू होते. जो नोंदणीस आलाच नाही, त्याच्यासाठी पहिला दिवसच उजाडत नाही. प्रारंभीच्या वर्षांत योजनेच्या नोंदवहीत आलेल्यांचे प्रमाण एकूण रोजगार-शिक्षणबाह्य युवकांच्या निम्म्याहूनही कमी होते.

स्पेनचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. तेथे २०१४ मध्ये योजनेसाठी स्वतंत्र ऑनलाइन नोंदवही सुरू करण्यात आली. अर्जदाराने गेल्या ३० दिवसांत काम केलेले नसावे आणि गेल्या ९० दिवसांत शिक्षण घेतलेले नसावे, अशा अटी होत्या. चार-सहा दिवसांचे हंगामी काम मिळालेला तरुण त्यामुळे अपात्र ठरे. जिथे तात्पुरत्या कंत्राटांवरच तरुणांचे आयुष्य चालते, तिथे हा नियम करणाऱ्यांनी आपल्याच देशाचा श्रमबाजार विचारात घेतला नव्हता, असे म्हणावे लागते. डिसेंबर २०१६ मध्ये या अटी शिथिल झाल्या व त्यानंतर नोंदणी झपाट्याने वाढली.

प्रस्तावांच्या दर्जाचा प्रश्नही येथे उपस्थित होतो. ‘चांगल्या दर्जाचा प्रस्ताव’ म्हणजे काय, याची व्याख्या मूळ शिफारशीत केलेली नव्हती. इटलीत मे २०१४ पासून सुरू झालेल्या योजनेत इंटर्नशिपचे प्रस्ताव मोठ्या प्रमाणावर दिले गेले. मालकाला स्वस्तात मनुष्यबळ व शासनाला आकडा, असा दोघांचाही त्यात लाभ होता; तरुणाला मात्र सहा महिन्यांनी पुन्हा रांगेत उभे राहावे लागे. इंटर्नशिपच्या दर्जाविषयी संघाने मार्च २०१४ मध्ये स्वतंत्र शिफारस केली. ती अपुरी ठरली म्हणूनच मार्च २०२४ मध्ये आयोगाला त्याविषयी बंधनकारक निर्देशाचा मसुदा मांडावा लागला.

मागणीची बाजूही दुर्लक्षिता येत नाही. जर्मनीत शिकाऊ उमेदवार आठवड्याचा बहुतांश काळ आस्थापनेत व उर्वरित काळ व्यवसाय शाळेत शिकतो. १९६९ च्या कायद्याने बांधलेल्या या दुहेरी पद्धतीत तीनशेहून अधिक व्यवसाय येतात आणि परीक्षा वाणिज्य व हस्तव्यवसाय मंडळे घेतात. २०१३ मध्ये इतर देशांनीही तिचा कित्ता गिरवावा यासाठी लाइपझिग येथे युरोपीय आघाडी स्थापन झाली. पण प्रशिक्षणाचा खर्च उचलणारे उद्योग व त्यांच्या संघटना असल्याखेरीज ही पद्धत रुजत नाही. लहान दुकाने व उपाहारगृहे यांवर उभ्या असलेल्या दक्षिण युरोपात ती म्हणूनच मंद गतीने वाढली. त्याच जर्मनीतील बाडेन-व्यूर्टेंबर्ग राज्याने फेब्रुवारी २०२४ मध्ये कुशल मनुष्यबळासाठी महाराष्ट्र शासनाशी करार केला. एका टोकाला रिकामे तरुण व दुसऱ्या टोकाला रिकाम्या जागा, अशी ही एकाच सामाईक बाजारपेठेची स्थिती आहे.

फिनलंडचा अनुभव

उंबरठ्याबाहेरील युवकांपर्यंत कसे जावे, याचे उत्तर शोधण्यात फिनलंड बराच पुढे गेला आहे. युरोफाउंडच्या पाहणीनुसार २०११ मध्ये तेथील ८३.५ टक्के तरुण नोंदणीकृत उमेदवारांना तीन महिन्यांच्या आत प्रस्ताव मिळाला होता. अर्थात, हेही नोंदणी केलेल्यांचेच प्रमाण होय. म्हणूनच तेथे २०११ पासून ‘शोधक युवाकार्य’ युवा कायद्यात समाविष्ट करण्यात आले. शाळा सोडलेल्या वा लष्करी सेवेतून बाहेर पडलेल्या तरुणाची माहिती संबंधित यंत्रणा नगरपालिकेच्या युवा कार्यकर्त्यास कळवितात आणि कार्यकर्ता त्याच्याशी स्वतः संपर्क साधतो.

याच्या जोडीला युरोपीय सामाजिक निधीच्या साहाय्याने ‘ओहयामो’ नावाची मार्गदर्शन केंद्रे उभी राहिली. ओहयामो म्हणजे चालकाची खोली. ३० वर्षांखालील कोणीही तेथे पूर्वनियोजित वेळ न घेता जाऊ शकतो. रोजगार सल्लागार, समाजसेवक, आरोग्य कर्मचारी असे सर्व एकाच छताखाली भेटतात. घरभाडे थकलेल्या किंवा नैराश्याने ग्रासलेल्या तरुणाला केवळ नोकरीचा अर्ज हाती देऊन भागत नाही, हे येथे गृहीत धरलेले आहे. एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीकडे पाठविण्याच्या कार्यालयीन रीतीचा अनुभव असलेल्यांना या रचनेचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

२०२० नंतरची वाटचाल

कोविड महामारीत युवा बेरोजगारी पुन्हा वाढताच ३० ऑक्टोबर २०२० रोजी मंत्रिपरिषदेने सुधारित शिफारस स्वीकारली. वयोमर्यादा ३० वर्षे पूर्ण होईपर्यंत वाढविण्यात आली आणि दूरच्या युवकांपर्यंत पोहोचण्यावर भर देण्यात आला. चार महिन्यांचा आरंभबिंदू मात्र या वेळी स्पष्टपणे नोंदणीशीच जोडण्यात आला. पहिल्या शिफारशीतील संदिग्धता त्यामुळे दूर झाली, परंतु ती युवकाच्या बाजूने दूर झाली असे म्हणता येत नाही. २०२१ ते २०२७ या काळासाठी, ज्या देशांत रोजगार-शिक्षणबाह्य युवकांचे प्रमाण संघाच्या सरासरीहून अधिक आहे, त्यांनी सामाजिक निधीचा किमान १२.५ टक्के हिस्सा युवकांवर खर्च करावा, असे बंधन घालण्यात आले.

१५ ते २९ वयोगटातील रोजगार-शिक्षणबाह्य युवकांचे प्रमाण २०१३ मधील सुमारे १६ टक्क्यांवरून २०२४ मध्ये ११ टक्क्यांपर्यंत खाली आले. २०३० पर्यंत ते ९ टक्क्यांवर आणण्याचे उद्दिष्ट आहे. या घटीचे सर्व श्रेय हमीला देणे धाडसाचे होईल, कारण याच काळात अर्थव्यवस्थाही सावरली. शिवाय देशादेशांतील अंतर मोठे आहे. नेदरलँड्समध्ये हे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास, तर रुमानियात १९ टक्क्यांच्या घरात आहे. स्पेनने डिसेंबर २०२१ च्या श्रमसुधारणेने तात्पुरत्या कंत्राटांवर मर्यादा आणली व तरुणांना कायम स्वरूपाच्या नोकऱ्या अधिक मिळू लागल्या. तरीही २०२४ मध्ये तेथील युवा श्रमशक्तीचा एक चतुर्थांशाहून अधिक भाग बेरोजगार होता.

आता जे युवक बाहेर उरले आहेत, त्यांपैकी निम्म्याहून अधिक काम शोधतच नाहीत. त्यांत आजारी व अपंग आहेत, निराश झालेले आहेत आणि पंचविशी ओलांडलेल्या, घरातील मुलांची वा वृद्धांची देखभाल करणाऱ्या तरुणींची संख्या लक्षणीय आहे. या वयोगटात स्त्री-पुरुषांतील अंतर वाढत जाते. त्या सेवायोजन कार्यालयात जात नाहीत, कारण प्रस्ताव मिळाला तरी मूल कोणाजवळ ठेवावे हा प्रश्न असतो. त्यांच्या बाबतीत रोजगाराचा निर्णय श्रम मंत्रालयाऐवजी पाळणाघरांच्या उपलब्धतेवर अवलंबून राहतो. तीन वर्षांखालील ३३ टक्के बालकांसाठी संगोपनाची सोय असावी, असे उद्दिष्ट संघाने २००२ मध्ये बार्सिलोना येथे ठरविले होते; डिसेंबर २०२२ मध्ये ते २०३० साठी ४५ टक्के करण्यात आले. हीदेखील शिफारसच आहे.