देवदर्शनाची गाडी ठरवण्याआधी



लग्नसराई आटोपली की आपल्या जुन्नर-आंबेगावात बऱ्याच घरांत एकच विषय असतो. नव्या जोडीला देवाला कधी न्यायचं? जेजुरी तर हवीच. मग पंढरपूर, तुळजापूर, आणि एवढं गेलोच आहोत तर अक्कलकोट. लग्नात आधीच हात मोकळा झालेला असतो. त्यात घरातली पुरुषमंडळी गाडीवाल्याला एक फोन करतात, भाड्याचा आकडा सांगतात, आणि तोच आकडा सगळ्यांच्या डोक्यात दौऱ्याचा खर्च म्हणून बसतो. पुढे गटात हप्ता मात्र ताई भरते.

गटांच्या बैठकांना फिरताना हे पुन्हा पुन्हा दिसतं. देवदर्शनाला जाऊच नका असं मी कधीच म्हणणार नाही. वर्षभर गोठा, शेत आणि चूल यातून बाहेर पडायला आपल्याला हीच एक वाट मिळते. पण गाडीचं भाडं हा दौऱ्याचा निम्मासुद्धा खर्च नसतो. कसं ते एका घराच्या हिशोबावर बघू. दर मी मासल्यासाठी धरलेत. तुम्ही तुमच्या गाडीवाल्याला विचारून आकडे बदला, रीत तीच ठेवा.

समजा घर नारायणगावजवळचं आहे. माणसं सात. तुम्ही, मालक, मुलगा, नवी सून, कॉलेजात जाणारी मुलगी, ६८ वर्षांच्या सासूबाई आणि ७६ वर्षांचे सासरे. इथेच पहिली अडचण येते. सात सीटच्या गाडीत ड्रायव्हर धरून सात जण बसतात. म्हणजे आपल्याला मोठी गाडी लागणार, किंवा एक जण घरी राहणार. (घरी कोण राहणार हे न विचारता ठरलेलं असतं, हे तुम्हाला माहीत आहेच.)

आता किलोमीटर. नारायणगाव ते जेजुरी सव्वाशेच्या आसपास, तिथून पंढरपूर साधारण १६५, पंढरपूर-तुळजापूर १२०, पुढे अक्कलकोट, आणि सोलापूर-पुणे मार्गे परत. आतबाहेर फिरणं धरून ९०० किलोमीटर पकडा. किलोमीटरला २० रुपये धरले तर १८ हजार. ड्रायव्हरचा भत्ता दिवसाला ५०० प्रमाणे तीन दिवसांचे दीड हजार. टोल आणि पार्किंगला दीड हजार. सोलापूरहून येताना सावळेश्वर, वरवडे, सरडेवाडी, पाटस असे चार नाके लागतात. गाडी झाली २१ हजारांना.

गाडीवाल्याशी बोलताना चार गोष्टी फोनवर ठरवू नका, व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. किलोमीटर कुठून मोजणार, आपल्या दारातून की त्याच्या दारातून? बरेच जण त्यांच्या दारापासून दारापर्यंत मोजतात. दिवसाला कमीत कमी किती किलोमीटर लावणार? २५० किंवा ३०० असं ठरलेलं असतं, मग तुम्ही शंभरच फिरलात तरी पैसे तेवढ्याचेच. म्हणून भीमाशंकर किंवा ओझर-लेण्याद्रीसारख्या जवळच्या फेरीला किलोमीटरचा दर घेऊच नका, दिवसाचं एकरकमी भाडं ठरवा. तिसरं, टोल भाड्यात आहे की वेगळा? चौथं, गाडीला फास्टॅग चालू आहे ना, त्यात पैसे आहेत ना? १५ नोव्हेंबर २०२५ ला लागू झालेल्या नियमात राष्ट्रीय महामार्गाच्या नाक्यावर फास्टॅग नसेल तर रोखीने दुप्पट आणि यूपीआयने सव्वापट टोल ठरला. ती चूक गाडीवाल्याची आणि भुर्दंड आपल्याला, असं व्हायला नको. टोलचा तीन हजारांचा वार्षिक पास १५ ऑगस्ट २०२५ ला सुरू झाला, पण तो खासगी गाड्यांसाठी आहे. भाड्याच्या गाडीला चालत नाही.

आणि नंबरप्लेट बघा. भाड्याने चालणाऱ्या गाडीची पाटी पिवळी असते. ओळखीतल्या कोणाची तरी पांढऱ्या पाटीची गाडी दोन-तीन हजारांनी स्वस्त पडते, म्हणून आपण तीच घेतो. पण खासगी गाडी भाड्याने चालवणं परवान्यात बसत नाही, आणि अपघात झाला तर विमा कंपनी त्याच मुद्द्यावर भरपाई अडवू शकते. घरातले सातही जण एकाच गाडीत बसणार आहेत. इथे दोन हजार वाचवू नका.

आता एसटीचं बघू, कारण हा हिशोब घरात कोणी मांडतच नाही. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत राज्यभर अर्धं तिकीट आहे. ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धं, आणि ७५ च्या पुढे ऑगस्ट २०२२ पासून मोफत. वयाच्या पुराव्यासाठी आधार कार्ड जवळ ठेवा. जानेवारी २०२५ च्या भाडेवाढीत साध्या गाडीचा ६ किलोमीटरचा टप्पा १० रुपये ५ पैशांचा झाला. त्या दराने ९०० किलोमीटरचे पूर्ण तिकीट साधारण १५१० रुपये, अर्धं ७५५. आपल्या घरात पूर्ण तिकीट फक्त दोघांना, मालक आणि मुलाला. तुम्ही, सून, मुलगी आणि सासूबाईंना अर्धं, सासऱ्यांना शून्य. सगळे मिळून ६०४० रुपये. कुठे २१ हजार आणि कुठे सहा!

पण इथे लगेच टाळ्या वाजवू नका. एसटीने तीन दिवसांचे चार होतात. एक मुक्काम वाढला, दोन हजार. एक दिवसाचं जेवण वाढलं, पावणेदोन हजार. स्टँडवरून देवळापर्यंत रिक्षा, दीड हजार. घरी गोठ्याला एक रोज जास्त. सगळं धरून पावणेबारा हजार होतात. तरीही नऊ हजारांच्या वर वाचतात. प्रश्न सासऱ्यांच्या गुडघ्यांचा आहे. चार-पाच वेळा गाडी बदलणं, स्टँडवर थांबणं सगळ्यांना झेपत नाही. मला मधली वाट बरी वाटते. सोलापूरपर्यंत एसटीने जायचं आणि तुळजापूर-अक्कलकोटला तिथलीच पिवळ्या पाटीची गाडी एका दिवसासाठी करायची. वाटेतल्या जेजुरी-पंढरपूरला एसटी भरपूर आहेत. चार किंवा सात दिवसांचा 'आवडेल तेथे प्रवास' पासही असतो. तो पुरुषांच्या पूर्ण तिकिटापेक्षा स्वस्त पडतो का, हे नारायणगाव आगारात विचारा.

आता गाडीबाहेरचा खर्च. दोन रात्री, दोन खोल्या, खोलीला हजार धरले तर चार हजार. पंढरपुरात मंदिर समितीचं भक्तनिवास आहे, आधी चौकशी करा. आषाढी-कार्तिकीला आणि तुळजापूरच्या नवरात्रात जाण्याचा हट्ट धरलात तर हा आकडा माझ्या हिशोबात बसणार नाही. जेवणाला माणशी दिवसाला अडीचशे. ड्रायव्हरही आपल्याबरोबर जेवतो, म्हणून आठ माणसं धरा. पहिल्या दिवसाची दशम्या-चटणी घरून नेली की दोन दिवसांचे चार हजार पुरतात. अक्कलकोटला अन्नछत्रात महाप्रसाद मिळतो. तिथे दानपेटीत मनाला येईल ते टाका, पण तेही हिशोबात लिहा.

पूजेचे तीन हजार. जेजुरीचा भंडारा-खोबरं, तळी, तुळजाभवानीची ओटी, अभिषेक, दक्षिणा. ही रक्कम निघायच्या आधी वेगळ्या पाकिटात ठेवा. गाभाऱ्याच्या दारात उभं राहून कोणाला नाही म्हणता येत नाही. पाकीट संपलं की मात्र नाही म्हणता येतं. जेजुरीला नवरदेवाने नवरीला उचलून पायऱ्या चढायच्या, एवढाच विधी फुकट आहे. बांगड्या, प्रसाद, पोरांची खेळणी, शेजारणींना द्यायचे पेढे यांना आणखी तीन हजार.

मागे घर राहतं, त्याचाही खर्च असतो. धारा काढायला, पाणी द्यायला माणूस ठेवला तर तीन दिवसांचे दीड हजार. भावकीतलं कोणी करणार असेल तर पैसे वाचतील, पण आपल्याला बिबट्याची धास्ती आहे. जनावरं बंदिस्त गोठ्यात बांधली जातील, आणि संध्याकाळी एकटं कोणी गोठ्यावर जाणार नाही, हे नीट सांगून जा.

आणि मावंदं! हे कोणीच मोजत नाही. देवाहून आलं की भावकीला जेवण आलंच. पन्नास पानं, पानाला ८० रुपये, चार हजार. मावंदं वीस पानांचं केलं म्हणून देव रागावत नाही. भावकी रागावते, ते वेगळं.

एकूण बघा. गाडी २१ हजार, मुक्काम ४, जेवण ४, पूजा ३, खरेदी ३, घर दीड, मावंदं ४. साडेचाळीस हजार झाले. त्यावर अडीअडचणीला चार हजार हाताशी हवेत. साडेचव्वेचाळीस हजारांच्या दौऱ्याला घरात सगळे 'वीस-एकवीस हजार लागतील' म्हणत होते. उरलेले साडेतेवीस हजार वाटेत ताईच्या बटव्यातून, नाहीतर परत आल्यावर उसनवारीतून जातात.

हे पैसे आणायचे कुठून? बराखीतला कांदा घाईने काढून, मिळेल त्या भावाला विकून देवाला जाऊ नका. कांदा ठेवायचा की विकायचा हे बाजार बघून ठरवायचं असतं, गाडीची तारीख बघून नाही. पश्चिम पट्ट्यातल्या ताईंनी हिरड्याच्या पैशातून आधी भाताचं बी-बियाणं बाजूला काढावं. दुधाचा पगार दर दहा दिवसांनी होतो. लग्न ठरलं त्या महिन्यापासून दर पगाराला ७०० रुपये वेगळे ठेवले तर वर्षात ३६ पगारांचे २५,२०० होतात. एसटीच्या वाटेने गेलात, खरेदी आणि मावंदं आवरलं तर त्यात बरंचसं भागतं.

गटातून कर्ज घ्यायचंच असेल तर व्याज आधी मांडा. २० हजार, शेकडा दोन रुपये महिना, दहा हप्ते. दर महिन्याला मुद्दल दोन हजार आणि उरलेल्या रकमेवर व्याज, म्हणजे पहिला हप्ता २४०० चा. एकूण व्याज २२०० रुपये. हप्ता कुठल्या पैशातून जाणार हे मालकांना आणि मुलालाही विचारा, कारण दर्शन सगळ्यांनी घेतलेलं असतं. अर्जावर कारण 'घरखर्च' लिहू नका, 'देवदर्शन' असंच लिहा. लाजायचं काही नाही. पण त्याच बैठकीत कोणाचं दवाखान्याचं किंवा मुलांच्या फीचं कर्ज मागणीत असेल तर ते आधी जाईल, हेही मान्य करा. गटाने खरं कारण इतिवृत्तात लिहिलं तरच तो क्रम लावता येतो.

दौऱ्यात पैसे कोणाकडे राहणार हे निघण्याआधी ठरवा. माझं मत विचाराल तर सुनेकडे द्या, आणि रोज रात्री खोलीवर बसून तिच्याकडून खर्च लिहून घ्या. तिला घरचा हिशोब कळेल आणि तुम्हाला ती. तो कागद पुढच्या ग्रामसंघाच्या बैठकीला घेऊन या. इंधन, खोल्या, भाडं यांचे खरे दर त्यातून मिळाले की पुढच्या दौऱ्याला निघणाऱ्या ताईंना माझे मासल्याचे आकडे लागणार नाहीत.