धवळ्यातला नवरदेव

परतवाड्याहून चांदूरबाजार ओलांडून मोर्शीच्या वाटेला लागलं की रिद्धपूर येतं. मराठीतल्या पहिल्या कवयित्रीची, महदाइसेची, गाणी याच गावात जन्मली. शाळेत ‘आद्य मराठी कवयित्री, धवळे’ एवढं पाठ करून आपण पुढे सरकतो. धवळे म्हणजे लग्नगीतं; वरवर पाहिलं तर ती रुक्मिणी-स्वयंवराची. द्वारकेचा कृष्ण, कुंडिनपूरची राजकन्या, आडवा येणारा भाऊ, सगळं पुराणातलं. तेराव्या शतकातला वऱ्हाड मात्र याच गाण्यांत दडून बसला आहे.

तो सापडतो गाणं कुणासमोर म्हटलं गेलं, हे विचारलं की. महानुभाव पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी निघून गेल्यावर शिष्य नागदेवाचार्यांसह त्यांचे अनुयायी रिद्धपूरला गोविंदप्रभूंच्या आश्रयाला आले आणि सुमारे चौदा वर्षं तिथेच राहिले. गोविंदप्रभू म्हणजे लोकांचे राऊळ. वेड्यासारखे गावभर हिंडणारे, पोरांत खेळणारे, कुणाच्याही दारात जाणारे. एकदा त्यांना लग्नाची लहर आली. भक्तांनी ती मनापासून पुरवली आणि महदाइसेनं धवळे गायिले. ते साल 1287 च्या आसपासचं. महानुभावांच्या पंचकृष्णांत, म्हणजे पाच अवतारांत, श्रीकृष्ण आहेत, तसेच गोविंदप्रभूही आहेत. म्हणजे गाण्यातला नवरदेव गाणाऱ्यांच्या पुढ्यात उभा होता! गुरू गमावलेल्या माणसांनी मांडलेलं हे लग्न होतं. माझ्या मते धवळ्यांतला सगळा जिव्हाळा तिथून येतो. धवळ्यांचा उत्तरार्ध महदाइसेनं पुढे पंथातल्याच म्हाइंभट आणि लक्ष्मींद्रभट यांच्या विनंतीवरून रचला.

गाण्यातलं माहेरही परकं नाही. कुंडिनपूर म्हणजे वर्धा नदीकाठचं कौंडण्यपूर, तिवसा तालुक्यातलं. 1960 च्या दशकातल्या उत्खननात तिथं सातवाहनकाळाच्या वस्तीचे अवशेष निघाले. रुक्मिणीहरण अमरावतीच्या अंबादेवीच्या देवळातून झालं, असं इथली परंपरा मानते. आजही आषाढीला कौंडण्यपूरहून रुक्मिणीची पालखी पंढरपूरला जाते. महदाइसेचं गाणं ऐकणाऱ्या बायांना रुक्मिणी पुराणातली राणी वाटली नसेल. ती त्यांच्याच मुलखाची लेक होती.

धवळा हा प्रकार महदाइसेच्या आधीचा. देवगिरीच्या सिंघण यादवाच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवानं ‘संगीतरत्नाकरा’त त्याची नोंद केली आहे. यादव राजे स्वतःला कृष्णाचे वंशज म्हणवत, ‘द्वारावतीपुरवराधीश्वर’ हे बिरूद मिरवत. त्याच काळात, राजदरबारापासून दूर, एका विधवा बाईनं द्वारकेच्या राजाचं बाशिंग रिद्धपूरच्या राऊळांना बांधलं. मला या निवडीत मोठं धैर्य दिसतं.

पुढे महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत बंद केले आणि ही गाणी शतकानुशतकं पंथाबाहेर कुणाला वाचताच आली नाहीत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीची किल्ली शोधली. मग पोथ्या उलगडल्या आणि म्हाइंभटांचं गोविंदप्रभूचरित्र अभ्यासकांपुढे आलं. धवळ्यांच्या शेजारी ते गद्य उघडून ठेवलं, तेव्हा कुठे नवरदेवाची ओळख पटली.